निवटीपायी अडलेली सोयरीक

स्वतःच्या मुलीचं जमलेलं लग्न पोहे खाता खाता मोडणारा बाप बघितलाय कधी? नाही ना? मग चहा घ्या आणि माझ्याकडे नीट बघून घ्या. बरं, कारण काय विचाराल, तर देणंघेणं नाही, मानपान नाही, पत्रिका नाही. कारण एवढंच, की कोट्यवधी वर्षांपूर्वी एक मासा पाण्यातून उठून जमिनीवर चालत आला.

हसू नका. त्या रविवारी आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

तुमच्यातल्या निम्म्यांना मी शिकवलंय, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मी परब सर. मुलुंडला ज्युनियर कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त होऊन घरीच क्लास घेतो. शिकवणं हा काही माझा धंदा नाही, ते व्यसन आहे. वांगं, बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले कसे, हे मी आमच्या भाजीवालीला तीनदा समजावलंय. आता मला लांबून बघितलं की ती न विचारताच वांगी तोलून ठेवते, म्हणजे मी लवकर निघावं.

माझी मुलगी केतकी. वांद्र्याला नोकरी करते, तिथेच निनाद सामंत नावाचा मुलगा तिला भेटला. मुलगा गुणी, बोरिवलीचा, मूळ आमच्यासारखाच सिंधुदुर्गातला. आता आम्हाला आणखी काय हवं होतं? दोघांनी तीन वर्षं धीर धरून, कोणाला न दुखवता, दोन्ही घरं राजी करत आणली होती. राहिली होती ती फक्त बोलणी. म्हणजे त्यांनी आमच्याकडे यायचं, पोहे खायचे, तारीख ठरवायची.

पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द निनादच्या आईबापांचा नव्हता. तो होता अक्कांचा. अक्का म्हणजे निनादच्या वडिलांची थोरली बहीण. पन्नास वर्षं बोरिवलीत राहूनही मालवणी सुटलेली नाही, आणि सुटावी असं त्यांना कोणी सांगायची हिंमत केलेली नाही. दोन्ही घरांची गोत्रं वेगळी आहेत ना, हे त्यांनी फोनवरून आधीच तपासून घेतलं होतं. एका कुळात सोयरीक नको, बाकी मुलीचा रंग, उंची, पगार काय असेल ते असो, असा त्यांचा एकच नियम.

आदल्या दिवशी निनादचा केतकीला फोन आला. तो म्हणाला, "बाबा फार देवभक्त आहेत. देवाने प्रत्येक प्राणी वेगळा घडवला, असं मानतात. सरांना सांग ना, प्लीज, उत्क्रांतीचा विषय नको. माकड तर अजिबातच नको."

केतकीने येऊन सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मला काय वेड लागलंय?"

माझ्या बायकोने, सुनंदाने, माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि खडूचा तुकडा काढून घेतला. मग मला देवासमोर उभं केलं. "शपथ घ्या. उद्या शिकवायचं नाही."

घेतली शपथ. पॅन्टच्या खिशात दुसरा खडू होता, ते मलाही आठवलं नव्हतं. खरंच.

रविवारी सकाळी मंडळी आली. निनाद, त्याचे आईवडील आणि अक्का. पोहे झकास झाले होते. सामंतसाहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे, कपाळाला गंध. मला माणूस एकदम आवडला. मी शहाण्यासारखा फक्त हवा, ट्रॅफिक आणि पाण्याची टाकी या विषयांवर बोलत होतो. सुनंदा माझ्याकडे बघून चक्क हसली. तीस वर्षांच्या संसारात ती माझ्याकडे बघून असं हसली की मला भीतीच वाटते.

मग अक्कांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "हयसून खाडी जवळ मा?"

मी म्हटलं, "हो, जवळच. ऐरोलीच्या पुलाखाली ओहोटीला चिखल उघडा पडतो."

"निवट्यो गावतत?"

आता निवटी तुम्हाला माहीत असेल. खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा. मासा असून चिखलावर चालतो, उड्या मारतो, डोळे वर काढून बसतो. मी म्हटलं, "भरपूर सापडतात." आणि गप्प बसलो. बघा, मी गप्प बसलो होतो, हे लक्षात ठेवा.

सामंतसाहेब म्हणाले, "देवाची करणी बघा. चिखलात राहायला लावलं, तर चिखलात चालायची सोयही त्यानेच करून दिली."

मी पोह्यांचा मोठा घास घेतला.

"नाहीतर हल्ली म्हणतात, हे सगळं आपोआप झालं. आता मला सांगा परबसाहेब, आपोआप कधी पोहे तरी होतात का?"

सगळे हसले. निनाद हसला, केतकी हसली. सुनंदा हसली, पण डोळे माझ्यावर. अहो, जन्मभर ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो प्रश्न समोर येऊन बसलाय, बशीत शेंगदाणे आहेत, आणि मी नुसतं हसायचं?

"तसं नाही, सामंतसाहेब," मी म्हणालो.

संपलं. आमच्या घराची वाट लागली ती या तीन शब्दांनी.

मी बशीतले शेंगदाणे टेबलावर मांडले. ही माशाची पिल्लं. सगळी भावंडं, पण दोन शेंगदाणे हुबेहूब सारखे असतात का? नसतात. एखाद्याचे पर जरा जाड, एखाद्याचे बारीक. आता पाणी आटलं. ज्याचे पर जाड, तो चिखलात खुरडत पुढच्या डबक्यात पोचला. बाकीचे मेले. मेलेले शेंगदाणे मी खाऊन टाकले. वाचलेल्याला पिल्लं झाली, ती त्याच्यावर गेली. असं लाखो वर्षं चाललं तर काय होईल?

सामंतसाहेब म्हणाले, "मासा तो मासाच राहील."

"दंडाला हात लावा," मी म्हटलं.

"कोणाच्या?"

"स्वतःच्या. दंडात हाड किती? एक. कोपराखाली? दोन. मग मनगटात बारीक हाडांचा गठ्ठा, मग बोटं. बरोबर? बेडकाच्या पायात हेच. वटवाघळाच्या पंखात हेच. देवमाशाच्या परात हेच. देवाने प्रत्येक प्राणी वेगळा घडवला, तर पोहायला, उडायला आणि पोहे खायला एकच साचा कशाला वापरेल तो?"

सामंतसाहेब आपला हात चाचपत राहिले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "देवमाशाच्या परात बोटं असतात?"

"असतात. मोजून घ्या."

"अरे बापरे," ते हळूच म्हणाले. त्यांना खरोखरच धक्का बसला होता. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी जे सुख झालं ते केतकीच्या जन्माच्या वेळी झालं होतं, त्यानंतर थेट तेव्हाच.

आमच्या टीपॉयला वर काळा दगड आहे. माझा हात पॅन्टच्या खिशात कधी गेला, मला कळलंही नाही. मी खडूने त्या काळ्या दगडावर झाड काढलं. खाली बुंधा, वर फांद्या. ही माशांची फांदी, ही पक्ष्यांची, ही माकडांची, ही आपली. निनादने डोळे मिटून घेतले. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात लाडवांची थाळी घेऊन पुतळ्यासारखी उभी राहिली.

"माकडापासून माणूस झाला, हे चूक आहे," मी रंगात येऊन म्हणालो. "माकड आपला पूर्वज नाही, चुलतभाऊ आहे. फांदीवरून खाली खाली या. माकड, माणूस, निवटी, सगळ्यांचं घराणं एकच."

तेव्हा अक्का बोलल्या. इतका वेळ त्या शांतपणे झाडाकडे बघत होत्या.

"मास्तर, एक इचारू? म्हणजे सगळ्यांचो मूळपुरुष एकच?"

मला भरून आलं. अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं. "एकच, अक्का."

"तुमचो नि आमचो पण?"

"अर्थात. तुमच्या रक्तात लिहिलेलं आहे. कोणी खोडू शकत नाही."

"खात्रीन सांगतात?"

"जन्मभर हेच शिकवलं, अक्का. माझ्या मुलीची शपथ."

अक्कांनी बशी खाली ठेवली. पदर सारखा केला. "मगे गोत्र पण एकच झाला. एका कुळात सोयरीक चलाची नाय. चल रे भाऊ, ऊठ."

आधी मला वाटलं, त्या गंमत करताहेत. मी हसलोसुद्धा. मग बघितलं, तर सामंतसाहेब खरोखर उठून उभे राहिले होते, एका हाताने दुसऱ्या हाताचा दंड धरून. निनादची आई पर्स शोधत होती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे मी तोवर फक्त वाचलं होतं.

"अहो अक्का," मी म्हटलं, "ही कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"गोत्र कालचा असता काय? ता पण ऋषीमुनींच्या येळचाच. कूळ जुना झाला म्हणान बदालता?"

आता याला काय उत्तर द्याल तुम्ही? मी आजवर शोधतोय.

"पण असं बघितलं तर जगातली सगळीच लग्नं एका कुळातली झाली. तुमचंसुद्धा."

सुनंदाने कपाळावर हात मारला. अक्का मात्र शांत होत्या. "तेव्हा म्हायत न्हवता. आता म्हायत झाला. तुमीच सांगलात. मास्तर माणूस, पोरीची शपथ घेवन खोटा कशाक सांगात?"

मी केतकीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. लहानपणी जत्रेत माझा हात सुटला तेव्हा ती अशीच बघत होती. तीन वर्षं पोरीने एकेक माणूस जोडत आणलं, आणि मी बशीभर शेंगदाण्यांनी ते उधळून लावलं.

मग मी जे केलं ते ऐका, आणि कोणाला सांगू नका.

मी सदऱ्याच्या बाहीने टीपॉयवरचं झाड पुसलं. "अक्का, बसा. खरं सांगतो. हे सगळं पुस्तकी आहे. तसं काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे देवाने प्रत्येकाला वेगळं घडवलं. निवटीला निवटी म्हणून, परबांना परब म्हणून, सामंतांना सामंत म्हणून. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही."

आता प्रकरण मिटेल असं मला वाटलं. पण मिटतंय कसलं? सामंतसाहेब दारातून परत फिरले.

"असं कसं?" ते म्हणाले. "मग हे हाड?"

"कुठलं हाड?"

"हे, दंडातलं. एक, मग दोन, मग गठ्ठा. बेडकालाही हेच, देवमाशालाही हेच. हा योगायोग आहे का, परबसाहेब?"

"देवाची मर्जी," मी म्हटलं.

"देव एकच साचा कशाला वापरेल?"

अहो, माझंच वाक्य. अर्ध्या तासापूर्वी ज्याच्या कपाळाला गंध होतं आणि मनात शंका नव्हती, तो माणूस मला उत्क्रांती पटवून देत होता, आणि चांगली पटवत होता. मी घाम पुसत त्याला उत्तरं देत होतो. आजवर ज्या ज्या पालकाचं, कीर्तनकाराचं, वादावादी करणाऱ्या पोराचं म्हणणं मी खोडून काढलं होतं, ते सगळं मला तोंडपाठ होतं. डोळ्यासारखी वस्तू आपोआप कशी होईल? मधले दुवे कुठे आहेत? चिमणीला कोणी चिमणीव्यतिरिक्त काही होताना बघितलंय का? आवाज चढला. मी खुर्चीवरून उठलो. "एकाही प्राण्यात, आजपर्यंत, कधीही, काहीही बदल झालेला नाही," मी गरजलो. "देवाने बनवला तसाच आहे."

आणि दारातून आवाज आला, "सर, हे परीक्षेला आहे का?"

रविवारची अकराची बॅच. रद्द करायची राहिली होती. सामंतांनी निघायला म्हणून दार उघडून ठेवलेलं, आणि दारात माझे बारावीचे सात-आठ विद्यार्थी पाठीला दप्तरं लावून उभे. सगळ्यांची तोंडं उघडी. पहिल्याच दिवशी यांना मी सांगितलं होतं, की उत्क्रांती कळली नाही तर जीवशास्त्रातलं काहीच कळणार नाही. ऋतुजा नावाची हुशार मुलगी मला सांभाळून घेत म्हणाली, "सर, पाणी देऊ का?"

सुनंदाने त्यांना जिन्यावर काढून दार लावलं.

बरं, एवढी अब्रू घालवून काही साधलं असतं तरी ठीक. अक्का म्हणाल्या, "मगाशी एक सांगलात, पोरीची शपथ घेतलात. आता दुसराच. मगाशी खरा सांगलात तर गोत्र एक. आता खरा सांगतात तर शपथ खोटी. खोट्या शपथेच्या घरातली मुलगी आमी कशी न्हेऊची?"

दोन्हीकडून बंद. तोंडातून शब्द फुटेना, आणि माझ्या बाबतीत ते याआधी फक्त दात काढताना झालं होतं.

तेव्हा केतकी उठली. शेजारी पडलेला खडू तिने उचलला. "अक्काआत्या, दोन मिनिटं बसता? मी यांचीच मुलगी आहे, मलाही थोडं शिकवता येतं."

अक्का बसल्या. का बसल्या कोण जाणे, पण बसल्या.

"बाबा घाबरून खोटं बोलले," केतकी म्हणाली. "पहिलं सांगितलं तेच खरं. पण त्यांनी अर्धंच सांगितलं. आपल्या शरीरात एक बारीकशी गोष्ट असते, ती बापाकडून येतच नाही. आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या लेकीला. तिचा माग काढत शास्त्रज्ञ मागे मागे गेले, तेव्हा आजच्या सगळ्या माणसांची एक मूळ आई निघाली." तिने टीपॉयवर एकच ठिपका काढला आणि त्यातून चारी बाजूंना रेघा ओढल्या. "पुरुष नाही, बाई."

अक्का पुढे वाकल्या. "बाई? खराच?"

"खरंच."

"आणि तिच्यो ह्यो लेकी?"

"हो, लेकी."

अक्का त्या रेघांकडे बघत राहिल्या. आम्ही सगळे अक्कांकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. "लेकी येगयेगळ्या घरात दिल्यो. गोत्रां बदालली. म्हणजे हो झालो मामाचो, ता झाला आत्येचा." त्यांनी हातावर हात मारला. "मगे तसा सांगा मा. मामाचा चेडू करूक चलता. आमच्यात तर पयलो मान तेचोच."

तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो, मामाची मुलगी सून म्हणून आणायला आमच्यात हरकत नसते, उलट कौतुक असतं. सगळ्या मनुष्यजातीचं लग्नाचं कोडं अक्कांनी आमच्या टीपॉयवर सोडवलं होतं.

आणि इथे मला आठवलं, की तसाच माग पुरुषांच्या बाजूनेही काढता येतो, आणि तिथे मूळ बापही निघतो. शास्त्र म्हणजे शास्त्र. "पण अक्का," मी म्हणालो, "पुरुषांच्या बाजूनेसुद्धा..."

पुढचं वाक्य झालं नाही. सुनंदाने माझ्या तोंडात अख्खा रव्याचा लाडू कोंबला आणि वरून हात ठेवला. "तोंड गोड करा," ती सगळ्यांना म्हणाली.

तारीख ठरली. निघताना अक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, पोरीसाठी बापूस खोटा बोललो तर देव त्येका बोल लायत नाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं लाडवामुळे, पण बरंचसं खरं.

मला वाटलं, सुटलो.

पण चपला घालताना सामंतसाहेबांनी मला बाजूला घेतलं. फार हळुवारपणे म्हणाले, "परबसाहेब, मला कळलं बरं का. पोटासाठी माणसाला मनाविरुद्ध शिकवावं लागतं. तुमची श्रद्धा आहे, मी समजू शकतो. मीही आज सकाळपर्यंत तसाच होतो."

मी बोलायला गेलो, तर सुनंदाचा पाय माझ्या पायावर. "लग्न लागेपर्यंत एक अक्षर नाही," ती ओठ न हलवता म्हणाली.

तेव्हापासून रोज पहाटे मला सामंतसाहेबांचा मेसेज येतो. सुप्रभात, देवमाशाच्या पूर्वजांना पाय होते. सुप्रभात, कोंबडी ही डायनासोरची वंशज आहे, कृपया मोकळ्या मनाने वाचा. आणि मी, ज्याने हा धडा निम्म्या मुलुंडला शिकवला, खाली हात जोडल्याचं चित्र पाठवतो.

लग्न थाटात झालं. स्वागताला मंचावर सामंतसाहेब बोरिवलीच्या एकेका पाहुण्याला माझी ओळख करून देत होते. हात माझ्या खांद्यावर, आवाजात माया.

"हे आमचे व्याही. देवमाणूस. जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, पण उत्क्रांती काही पटत नाही त्यांना. आम्ही समजावतोय."

पाहुणे माझ्याकडे दयेने बघायचे. मी सुनंदाकडे बघायचो. सुनंदा माझ्या पायाकडे.

"पटेल हो," सामंतसाहेब पाहुण्यांना धीर द्यायचे. "वेळ लागेल. मासासुद्धा एक दिवस पाण्याबाहेर आलाच की. हेही येतील."